साडेबाराचा नेम

मे महिन्याची बुकिंग एकामागून एक रद्द झाली तेव्हा एप्रिल २०२० अर्धा सरला होता. आंजर्ल्याच्या अलीकडे आमचं घरगुती निवास आहे. चार खोल्या, एक पडवी, आणि वर्षाची निम्मी कमाई मे महिन्यातली. गाद्या माळ्यावर टाकल्या, मोठी भांडी पालथी घातली, आंबे उतरवायला माणसं मिळेनात म्हणून ते कामही रखडलं. शिमग्याला आलेली पुतणी टाळेबंदीत इथेच अडकली होती. अंगणातली माझी येरझार बघून ती वैतागली असावी. तिने माझ्या फोनवर एक गेम टाकला आणि म्हणाली, "काका, ह्यात कुणाला मारायचं नसतं. तुम्हाला जमेल."

गेमचं नाव 'स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट'. आयफोनवर तो जुलै २०१९ मध्ये आला होता, अँड्रॉइडवर नुकताच त्या एप्रिलमध्ये. आपण एक लहान मूल, अंगात झगा, हातात मेणबत्ती. ढगांतून उडायचं, विझलेले दिवे लावायचे, काळी झुडपं जाळून मेण गोळा करायचं आणि त्या मेणाच्या मेणबत्त्या करायच्या. जगभरातली माणसं त्याच आकाशात फिरत असतात, पण अनोळखी माणूस दिसतो तो नुसती करडी सावली. तुम्ही आपली मेणबत्ती पुढे केलीत आणि त्याने ती लावून घेतली, की मग त्याचे केस, मुखवटा, झग्याचा रंग दिसायला लागतो. नाव तरीही दिसत नाही. मैत्री झाली की नाव आपणच ठेवायचं, आणि ते फक्त आपल्यालाच दिसतं. समोरचा आपल्याला काय म्हणतो, ते त्याचं त्याला ठाऊक.

मला ही व्यवस्था फार आवडली. आमच्या गावात नाव सांगितलंत की आडनाव, मग वाडी, मग आजोबांनी कुणाचा बांध सरकवला होता इथपर्यंत चौकशी जाते. इथे कुणी काही विचारत नव्हतं. नवख्याला तिथले लोक मॉथ म्हणतात. साधा तपकिरी झगा बघून लांबूनच ओळखतात. पहिल्या संध्याकाळी मी एका कड्याशी धडपडत होतो तर कुणीतरी आलं, हात पुढे केला, मी धरला. हात धरला की आपल्याला काही करावं लागत नाही, पुढचा उडेल तसे आपण मागून ओढले जातो. त्याने मला एका फेरीत अशा जागा दाखवल्या की मला एकट्याला आठवडा लागला असता. शेवटी वाकून नमस्कार केला आणि उडून गेला. पुतणी म्हणाली, "बघितलंत? त्याला ह्याचं काही मिळत नाही."

ह्या 'काही मिळत नाही'ने माझ्या डोक्यात घर केलं. कारण लवकरच कळलं की बाकी बऱ्याच गोष्टींचं तिथे बरंच काही मिळतं.

मित्राला हार्ट देता येतं. एका हार्टला तीन मेणबत्त्या पडतात. ज्याला मिळतं तो ती साठवून त्यातून केस, मुखवटे आणि काय काय घेतो. मेख अशी की हार्ट मिळवायचा मुख्य रस्ता म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ते तुम्हाला देणं. बनवणाऱ्यांचा हेतू सरळ होता. नटायचं असेल तर आधी कुणाला तरी आवडा. माणसांनी त्यावर आठवड्याभरात शोधावा तसा तोडगा शोधला होता: तू मला रोज एक दे, मी तुला रोज एक देतो. ओळख नको, गप्पा नकोत.

माझीही अशी देवघेव सुरू झाली. निवासाचं रजिस्टर रिकामंच होतं, त्यात मी मित्रांची मीच ठेवलेली नावं लिहिली: चष्मेवाला, पेटीवाला, म्हातारा केस, लाल झबलं. पुढे रकाने तयारच होते, 'आगाऊ' आणि 'बाकी'. आई एकदा डोकावून गेली आणि म्हणाली, "आहेराची वही का रे?" तशीच होती. आमच्या कपाटात आजोबांच्या वेळची आहेराची वही अजून आहे. कुणाच्या मुंजीत कुणी किती दिले ते त्यात आहे, कारण त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढे, किंवा चार रुपये वर, पोचवायचे असतात. त्या वहीला आजवर कुणी खोटेपणा म्हटलेलं नाही. तरी फोनवरच्या ह्या हिशेबाची मला थोडी लाज वाटायची, एवढं खरं.

लाल झबलं ह्या सगळ्यांत पक्की. फिलिपिन्सची, मनिलाजवळ कुठेतरी राहणारी. गेममध्ये नवा दिवस कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेबाराला. आई नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवत असायची आणि माझा फोन वाजायचा. हार्ट आलेलं. मी चॅटमध्ये "कशी आहेस, जेवलीस का" वगैरे लिहिलं की तिचं उत्तर एका शब्दाचं: "दिलं." मी परत दिलं की ती गायब. ह्याउलट चष्मेवाला बाकावर बसून तासभर बोलायचा. त्याचा देश, त्याची आजी, तुझ्यासारखा मित्र नाही वगैरे. कोण मनापासूनचं आणि कोण कामापुरतं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मग ईडन. गेममधला शेवटचा टप्पा. आत जाण्याआधी इशारा मिळतो की इथून पुढे गेलात तर परत फिरता येणार नाही. आत लाल वादळ, वरून दगड कोसळतात आणि प्रत्येक दगडासरशी आपण जमवलेल्या पंखांपैकी काही निखळून पडतात. रांगत पुढे जायचं. वाटेत मुलं उभी आहेत, दगड झालेली. प्रत्येकासमोर थांबून आपल्याजवळचा एकेक पंख द्यायचा. वर्षावात आणि वाटपात मिळून आपल्याजवळ काही म्हणता काही उरत नाही, आणि आपण पडतो. पडदा काळा. मग थोड्या वेळाने आकाशात जाग येते, ज्यांना पंख दिले ती मुलं भोवती उडत असतात, आणि पुन्हा जन्म.

पहिल्या वेळी माझ्यापुढे कुणी अनोळखी होता. मी दगडामागे दबकलो की तो मागे वळून हाक मारायचा, पुन्हा दोन पावलं यायचा. शेवटचा पंख देऊन तो माझ्या डोळ्यांदेखत कोसळला. पडवीत, डासांची अगरबत्ती लावून, पंचेचाळिशीचा बाप्या फोनकडे बघून डोळे पुसतोय हे दृश्य पुतणीने आईला दाखवलं नाही, हे तिचे उपकार.

पुढच्या रविवारी कळलं की ईडन दर आठवड्याला नव्याने उघडतं. जितक्या दगडी मुलांना पंख द्याल तितक्या खास मेणबत्त्या मिळतात. त्यामुळे मुरलेले लोक दर रविवारी आत शिरतात, कुठला दगड कधी पडतो ते पाठ असतं, भराभर वाटप करून मरतात आणि स्वयंपाकाला लागतात. सर्वस्वदानाची आठवड्याची पाळी. मी पुतणीला म्हटलं, ह्यात काही अर्थ राहिला का? ती म्हणाली, "सोळा सोमवारच्या पोथीत शेवटी काय असतं? कुणाला काय काय मिळालं तेच ना? आजी तरी ती वाचतेच की." उत्तर मला सुचलं नाही. फलश्रुती नसलेलं व्रत मला आठवेना.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला दुपारी ते किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतचा पट्टा त्याने सोलून काढला. त्या दिवसाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. आमच्यापुरतं सांगायचं तर खोल्यांचे पत्रे वाडीत सापडले, पोफळी मधूनच मोडल्या आणि सत्तर वर्षांचे माड मुळासकट आडवे झाले. गेममधलं लाल वादळ त्या दिवशी एकदाही आठवलं नाही. विजेचे खांब रस्त्यावर, मोबाइलचा टॉवर मुका. अनेक आठवडे अंधार. गंमत म्हणजे घरोघर खऱ्या मेणबत्त्यांची टंचाई.

मग मदत यायला लागली. मुंबई, पुणे, कोल्हापूर, कुठून कुठून गाड्या आल्या. ताडपत्र्या, तांदूळ, काडेपेट्या, सौर दिवे. शेजारच्या काकूंच्या घराची निम्मी कौलं गेली होती. एका गाडीतून चार तरुण उतरले. त्यांनी आधी फलक बांधला, मग काकूंना ताडपत्री दोन्ही हातांनी धरायला लावली, मास्क थोडा खाली करायला सांगितला, फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा घेतला. माझा संताप संताप झाला. ते गेल्यावर मी बोलूनही दाखवलं. काकू ताडपत्रीच्या घड्या मोडून भोकं बघत होत्या. म्हणाल्या, "काढूं दे रे फोटो. त्यांना फोटो मिळाला, मला ताडपत्री. ही गळत नाही ना, ते बघ आधी. वर चढ नि ताण."

मी वर चढलो, ताणली. गळत नव्हती.

दुसरी एक गाडी आली ती थांबलीच नाही. चालत्या गाडीतून बिस्किटांचे पुडे रस्त्यावर भिरकावत गेली. फोटो नाही, फलक नाही. तो पुडा उचलायला काकू वाकल्या नाहीत. मुलांनाही उचलू दिला नाही.

आमचे आजोबा गीतेचा सतरावा अध्याय म्हणायचे, त्यात दानाचे तीन प्रकार आहेत. जो परतफेड करू शकत नाही अशाला, द्यायला हवं म्हणून, योग्य ठिकाणी आणि वेळी दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून, किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि अवहेलना करून, भलत्या जागी भलत्याला दिलेलं ते तामस. आपण सगळे पहिल्या दोहोंतला फरक काढत बसतो. हा खरा, तो दिखाऊ. काकूंनी त्या दोहोंमध्ये काडीचा फरक केला नाही. त्यांची रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये होती, आणि ती त्यांनी एका क्षणात ओढली. मला हे पाठांतरातून कधी कळलं नव्हतं.

नेटवर्क परत आलं तेव्हा पाऊस स्थिरावला होता. रात्री सहज गेम उघडला. रजिस्टरमधली बहुतेक नावं थंड पडली होती. त्यात चूक काही नाही, मी देत नव्हतो, ते कशाला देतील? चष्मेवाल्याने मला यादीतून काढून टाकलं होतं. लाल झबल्याचं हार्ट मात्र येऊन पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा आलं. मी तिला वादळाचं सांगितलं, इतके दिवस माझ्याकडून काहीच येत नव्हतं तरी का देत राहिलीस असं विचारलं. मला काहीतरी गोड ऐकायची अपेक्षा होती, लपवत कशाला.

ती म्हणाली, "यादीत वरून खाली जाते. तू यादीत आहेस."

मग जरा वेळाने: "आमच्याकडे वर्षाला पुष्कळ वादळं येतात. माणसं गायब होतात, मग परत येतात. यादी बदलत बसले तर दिवस जाईल."

एवढंच. ह्याला मनापासूनचं म्हणायचं की यंत्रासारखं? मी बरेच दिवस विचार केला. आई रोज तिन्हीसांजेला तुळशीशी दिवा लावते. रोज तिच्या मनात भक्ती दाटून येत असेल असं नाही. कित्येकदा ती दिवा लावता लावता गड्यावर ओरडत असते. वादळाच्या रात्री मात्र तिने घरातल्या शेवटच्या तेलातला चमचाभर बाजूला काढला, कारण उद्याचा दिवा. भाव कमीजास्त होतो. नेम असला की तो दिवस निभावून नेतो. चष्मेवाल्याकडे भाव भरपूर होता.

भाद्रपदात हा सगळा प्रकार आमच्याच घरात शिरला. २२ ऑगस्टला गणपती. सरकारने घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत ठरवून दिलेली, चाकरमान्यांना गावात आल्यावर विलगीकरण, त्यामुळे मुंबईचे दोन्ही भाऊ आले नाहीत. गुरुजींनीही वयामुळे घरोघर जाणं बंद केलं. प्राणप्रतिष्ठा व्हिडिओ कॉलवर ठरली. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. गुरुजी म्हणाले, "मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावा आणि मी म्हणतो ते..." आणि चित्र थिजलं. गुरुजींचा हात हवेत, आई दूर्वा धरून बसलेली. मिनिटभराने आवाज आला तो दोन ओळी पुढचा. आई हटून बसली, मधलं राहिलं. गुरुजी हसले आणि मागून पुन्हा म्हणाले. दक्षिणा यूपीआयने गेली, ती पोचल्याचा टिंग त्यांच्या फोनवर वाजलेला आम्ही इथे ऐकला.

आरतीला डोंबिवली, पुणे आणि बडोदे एकाच पडद्यावर. 'सुखकर्ता' आम्ही सुरू केलं, डोंबिवली अर्धी ओळ मागे, बडोदं त्याच्याही मागे. टाळ्यांचा नुसता चिवडा. धाकट्या भावजयीने शहाणपणा केला, सगळ्यांचे माइक बंद करायला लावले आणि फक्त आईचा चालू ठेवला. त्यानंतर प्रत्येकजण आपापल्या घरात आपलं म्हणत होता आणि ऐकू फक्त आईची आरती येत होती. हे ओठ हलवणारे खरंच म्हणतायत का, हे कळायला काही मार्ग नव्हता. मोठा भाऊ डोळे मिटून उभा होता. त्याची मुलगी बाजूला कुठल्या तरी दुसऱ्याच पडद्यावर बघत होती. पण उभी होती, शेवटच्या 'मंत्रपुष्पांजली'पर्यंत.

असल्या प्रयोगांचं जगाला नवल नाही. ब्रिटनमध्ये २००४ सालीच 'चर्च ऑफ फूल्स' नावाचं एक त्रिमिती चर्च इंटरनेटवर उघडलं होतं, मेथडिस्ट चर्चच्या पाठिंब्याने. आपली बाहुली घेऊन आत जायचं, बटण दाबून तिला गुडघ्यांवर बसवायचं किंवा हात उंचावायला लावायचं. शिव्या देत थेट प्रवचनाच्या चौथऱ्यावर चढणारे टगेही तिथे पोचले. त्यांना हाकलायला सेवेकरी नेमावे लागले. मला त्यात ते सेवेकरी फार ओळखीचे वाटतात. पालखीत दारू पिऊन नाचणाऱ्याला खांदा धरून कडेला काढणारी दोन माणसं प्रत्येक गावात असतात.

देवळाच्या दुरुस्तीची वर्गणीही त्या वर्षी फोनवरच निघाली. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी, खाली खाली नावं आणि आकडे वाढत जाणारे. एकाने पाच हजार टाकले की त्याच्या चुलतभावाचे साडेपाच आलेच. आमच्या देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर नावं आहेत, कुणाच्या स्मरणार्थ ते पंखा बंद असला की वाचता येतं. त्यामुळे मला ह्यात काही नवं वाटलं नाही. यादीत मध्येच एक ओळ आली: 'गुप्तदान, २५,०००'. झालं, दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नाही. एका गृहस्थांनी तर कुणी विचारलेलं नसताना लिहिलं, "मी नाही बरं का," आणि पुढे हात जोडलेलं चिन्ह. सगळ्यांना कळलं. छपराची लाकडं त्याच पैशातून आली आणि ती सागाची आहेत.

डिसेंबरात लाल झबलं आपणहून बोलायला आली. तिच्याकडे १६ ते २४ डिसेंबर नाताळआधीच्या नऊ पहाटांना प्रार्थना असते, 'सिम्बांग गाबी'. नऊच्या नऊ पहाटा न चुकता गाठल्या तर मनातली इच्छा पुरी होते असं लोक मानतात. प्रार्थना संपली की चर्चबाहेर केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा गोड पदार्थ विकतात. तिने वर्णन केलं तेव्हा मला आमची पानगीच आठवली. त्या वर्षी साथीमुळे ती फोनवरून प्रार्थना बघत होती, आणि पाचव्या पहाटे तिची वीज गेली. दुपारी तिने रेकॉर्डिंग बघितलं. तिचा प्रश्न होता, हे धरायचं की नाही?

मी गुरुजींना फोन लावला. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, फिलिपिन्स कुठे आलं ते विचारलं, आणि म्हणाले, "उठून बसली होती ना पहाटे? मग धरायचं. राहिलेलं मागून म्हणून घेतलं की झालं, आपल्या गणपतीत नाही का घेतलं?"

मी तसंच लिहून पाठवलं. तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग उत्तर आलं, "तुमचे पुजारी सैल आहेत. आमच्या फादरना मी विचारणारच नाही."

त्या दिवशी रविवार होता. हिवाळ्यात कॅलिफोर्नियातली घड्याळं मागे जातात, त्यामुळे ईडन आमच्या दीडला उघडलं. आम्ही दोघं वाटेला लागलो तर दारातच एक मॉथ, तपकिरी झग्यातला, इशारा वाचत उभा. लाल झबल्याने मेणबत्ती पुढे केली आणि त्याचा हात धरला. मला चॅटमध्ये लिहिलं, "ह्याला घेऊन जायचं म्हणजे हळू जावं लागेल. तुला घाई आहे?"

मी लिहिलं, माझं जेवण झालंय.